आलेला आवाज आपला

फजितीचे किस्से आपण सांगितले नाहीत तरी ते राहतातच. दुसरं कोणीतरी सांगतं, आणि त्यात आपण आणखी मूर्ख दिसतो. म्हणून हे मीच सांगून टाकते.

आमची मैफल दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता. नाव 'ऐनवेळी'. राग नाही, ताल नाही, गाणं नाही. समोर बसून जे सुचेल ते वाजवायचं. निखिल माझ्याच हिंजवडीच्या कंपनीत टेस्टिंगला, तो सॅक्सोफोन वाजवायचा. खडकीच्या फॅक्टरीतला जोसेफ ड्रम, पातेली आणि एक गंजका पत्रा घेऊन यायचा. बाकी सगळं मी : हॉल, ईमेल, सतरंज्या आणि भाषण.

तीन हॉलवाल्यांनी आम्हाला हाकललं होतं. चौथा हॉल एका जुन्या वाचनालयाचा, पहिल्या मजल्यावर. तिथले सेक्रेटरी फाटककाका, वय सत्तरच्या पुढे. त्यांनी सहा महिन्यांची परवानगी दिली, तीही अटीवर : "सहाव्या महिन्यात मी स्वतः पूर्ण बसून ऐकणार. मग ठरवू." हा हॉल गेला की 'ऐनवेळी' संपलं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

*

अर्जात एक रकाना होता : 'कार्यक्रमाचा तपशील'. मी तो रिकामा सोडला.

"काय वाजवणार?" काकांनी विचारलं.

"ते आधी ठरलेलं नसतं, काका. तेच तर वैशिष्ट्य आहे!"

काकांनी पेन उघडलं आणि रकान्यात लिहिलं : 'तयारी नाही.'

*

पहिल्याच रविवारी खालच्या मजल्यावरचे शिंपी वर धावत आले. त्यांना वाटलं, जिना पाडताहेत. पुढच्या महिन्यात जिन्याच्या तोंडाशी काकांच्या वळणदार अक्षरात पाटी लागली : 'आज सकाळी १० ते ११ येणारा आवाज दुरुस्तीचा नाही. चौकशी करू नये.'

मी भडकले. निखिलने मात्र पाटीचा फोटो काढून आमच्या ई-ग्रुपवर टाकला. पुढच्या वेळी बारा माणसं जास्त आली, आणि त्यातली नऊ पाटी बघून परत गेली!

*

ऐनवेळच्या संगीतात सगळ्यात अवघड काय, तर थांबणं. तिसऱ्या महिन्यात निखिल थांबला, जोसेफ थांबला आणि हॉलमध्ये शांतता पसरली. ती शांतता म्हणजे शेवट की संगीत, हे कोणालाच कळेना. टाळी वाजवायला कोणी धजेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेजारच्या इमारतीत कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी, मग तिसरी.

दाराशी उभे असलेले काका म्हणाले, "त्यांचा भात झाला. तुमचं काय?"

आणि त्यांनी पंखे बंद केले.

बाहेर पडताना एक दाढीवाले गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पंखे मंदावत जातात तो शेवट... काय सुचलंय तुम्हाला!"

मी म्हणाले, "थँक यू."

*

त्यानंतर मी नियमच केला आणि दर महिन्याला भाषणात सांगू लागले : "आलेला आवाज आपला. खोकला, मोबाईल, रिक्षा, काहीही. कोणी कोणाला थांबवायचं नाही, कोणी मध्ये उठायचं नाही." लोक माना डोलवायचे. मला फार भारी वाटायचं.

*

हा किस्सा सांगताना अजून कान गरम होतात. पाचव्या महिन्यात सतरंज्या गुंडाळताना काका म्हणाले, "मी चाळीस वर्षं इथल्या हार्मोनियमच्या क्लासला तबल्याची साथ केली. एखाद्या रविवारी तुमच्यात बसलो तर चालेल?"

मी हसले. हो, हसले. म्हणाले, "काका, आमच्यात ठेका नसतो. तुमच्या पिढीला स्वातंत्र्य झेपायचं नाही हो!"

काकांनी एका सतरंजीचं टोक उचलून बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "त्या झटकून ठेवा. मागच्या वेळी तशाच ठेवल्या होत्यात."

*

सहावा महिना. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. दहाला दोन मिनिटं कमी असताना ते म्हणाले, "जरा जाऊन येतो. तोवर सुरू करू नका."

संडास हॉलच्या मागच्या भिंतीला आहे. दार पत्र्याचं, वरच्या बाजूला हवेसाठी जाळी.

दहा वाजले. वेळेवर सुरू करा, असं हेच गृहस्थ सहा महिने मला ऐकवत होते. म्हटलं, चला, दाखवूच! मी निखिलला खूण केली.

दोन मिनिटांत मागून टकटक आली. जोसेफने क्षणभर कान दिला आणि पत्र्यावर तशीच टकटक केली. मागून जोरात आली. जोसेफनेही जोरात दिली. मग "अहो!" निखिलने सॅक्सोफोनवर हुबेहूब 'अहो' काढला. लोक पुढे सरकून बसले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच असं झालं होतं की कोण कोणाला वाजवतंय ते कळत नव्हतं. मागचे ठोके थांबले की हे दोघे श्वास रोखून थांबायचे. ठोके सुरू झाले की तुटून पडायचे. अस्सा रंग भरला!

पस्तीस मिनिटांनी निखिल आणि जोसेफ एकदम थांबले. लोक उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या!

टाळ्या संपल्या. टकटक संपली नाही.

लोक परत खाली बसले.

मग मी पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि "अरे देवा!" म्हणून पळाले. कडी आतून अडकली होती. जोसेफने पाना लावून ती उचकटली. काका बाहेर आले. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. त्यांनी चष्मा पुसला, घड्याळ बघितलं.

"दहाला सुरू केलंत," ते म्हणाले. "वेळेच्या पक्क्या आहात."

'अरे देवा' खोटं होतं. तिसऱ्या 'अहो'लाच मी आवाज ओळखला होता. मान वळवून त्या दाराच्या जाळीकडे बघितलंही होतं. मग मान परत पुढे केली, कारण रंग भरला होता. हे मी निखिललासुद्धा सांगितलेलं नाही.

*

आठवड्याने पत्र आलं. 'परवानगी पुढे चालू. अट एकच : कार्यक्रम सुरू असताना संडासाच्या दाराशी एक जबाबदार व्यक्ती बसवावी. कु. मुक्ता यांनी स्वतः बसावे.'

त्यामुळे आता भाषण निखिल करतो. मी मागे स्टुलावर असते.

परवाच्या रविवारी मैफल ऐन भरात असताना काका उठले, माझ्याकडे न बघता आत गेले. दोन मिनिटांत आतून टकटक झाली. मी धडपडत उठले आणि सगळ्या ताकदीने दार ओढलं. ते एकदम उघडलं. कडी लावलेलीच नव्हती.

काका आत नीट उभे होते, दोन बोटं अजून वर धरलेली. पलीकडे जोसेफचा पत्रा उत्तर देत होता.

"त्या दिवशी उठला नाहीत," काका हळूच म्हणाले. "मग आज कशाला उठलात? दार लावा."