पडद्यावरचे भोजराजबुवा

चुलीवर चहाचं आधण होतं, धाकटी वेणीसाठी रडत होती, तेवढ्यात दाराची कडी वाजली. बाहेर शेजारच्या गिरजाबाई मावशी. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी.

"चाल बाई लवकर. तुमसरले त्यायचा पिक्चर लागला."

त्यायचा म्हणजे भोजराजबुवांचा, मावशींच्या यजमानांचा. बुवांनी बांधलेल्या चिजा मोठमोठे गवई मैफलीत गात. बुवा स्वतः जन्मभर सिहोऱ्याच्या भजनमंडळात पेटी वाजवत राहिले. ते गेल्यावर मुंबईचा एक सिनेमावाला मावशींकडे मुक्कामाला आला होता. त्याला रांधून घालता घालता मावशींनी सगळं सांगितलं. मावशी तांदूळ पाखडायला बसल्या की बुवांना चाल सुचायची. सुपाच्या ठेक्यावर ते मुखडा बसवत. "थांबू नको गिरजे," म्हणत. तांदूळ संपले तरी मावशी रिकामं सूप पाखडत राहायच्या.

टॉकीजच्या दारात मावशींनी पिशवीतून झेंडूचा हार आणि नारळ काढला. तिकीट फाडणारा हसला. "आजी, हे देऊळ नोहे!"

"मले का समजत नाही? पन मानूस त माह्या घरचा येऊन राहिला ना!" म्हणत त्यांनी चपलाही बाहेरच काढल्या.

पडद्यावरचे बुवा गोरेपान, रेशमी झब्ब्यातले. ते दारू पीत होते, एका नाचणारीसाठी झुरत होते. मी तर बुवांना कधी पानही खाताना पाहिलं नव्हतं. त्यांची चीज आली ती बर्फाच्या डोंगरावर, व्हायोलिनच्या गदारोळात, शब्द कळू नयेत इतकी धावत. मावशी माझ्या कानाशी लागल्या, "आता घर दाखवतीन. आता मी येईन."

मध्यंतर झालं. घर आलं नाही. शेवटी बुवांनी त्या नाचणारीच्या मांडीवर प्राण सोडला. खरे बुवा मावशींच्या हातची पेज पिता पिता गेले होते.

दिवे लागले तरी मावशी उठेनात. हार मांडीवर तसाच.

परतीच्या बसमध्ये मंडळातला तबलजी डोमा भेटला. तोही पिक्चर पाहूनच येत होता. "काय मावशी, बुवा त लय रंगेल निघाले! तुमाले पत्ताच नाही लागू देला का?"

बसमधले सगळे हसले. पदर तोंडाला लावून मावशीही हसल्या. मग त्या खिडकीकडे वळल्या आणि सिहोरा येईपर्यंत त्यांची पाठ हलत राहिली. मी हात ठेवला, तर त्यांनी तो हळूच बाजूला केला.

घरापाशी आल्यावर किल्ली हातात धरून त्या उभ्याच राहिल्या.

"बाई, तू कॉलेज शिकलेली. लोकं तुयं आयकतात. कोनी या पिक्चरची गोष्ट काढली, त येवढंच सांगजो. त्यायले बायको होती."