राणीच्या गळ्यात टाक नव्हता

पडद्यावर एक हरीण गात होतं. गर्द हिरव्या रानात, निळ्या झऱ्याच्या काठी उभं राहून, मान वेळावत, अगदी कोवळ्या बायकी आवाजात ते गात होतं आणि आम्ही केडगावची पंचवीस-तीस माणसं नगरच्या थेटरात लाकडी बाकांवर तोंडं उघडी टाकून बसलो होतो. विड्यांचा धूर, शेंगांची टरफलं, कुणाच्या तरी वेणीतल्या शिळ्या अबोलीचा आणि खोबरेल तेलाचा वास… आणि त्या सगळ्यातून वाट काढत येणारा तो हिरवा प्रकाश. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस फिरकलाच नव्हता. इतकं हिरवं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, त्यामुळे गाण्याआधी मला त्या रंगाचंच भरतं आलं.

सिनेमा चित्रांचा होता, परीकथेचा होता आणि इंग्रजीत होता. आमच्या शाळेच्या गुरुजींना अशा गोष्टींची भारी हौस. रविवारी सकाळच्या खेळाला मुलींना न्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा गावाने एकच अट घातली — प्रत्येक पोरीबरोबर घरची एक बाई पाहिजे. आमच्या घरची बाई म्हणजे मावशी. ती माझी सावत्र आई. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली आणि दोन वर्षांनी अण्णांनी मावशीशी लग्न केलं. तिला आई म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून मोठ्यांनी मावशी हा शब्द सुचवला आणि तोच पुढे चालू राहिला. आताशा कुठे, म्हणजे आणखी दोन वर्षं गेल्यावर, मी तिच्या कुशीत झोपू लागले होते. मला जवळ करताना तिने कधी घाई केली नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

मावशीने जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. पहाटे उठून तिने भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि बैलगाडीत मला मांडीशी घेऊन बसली. वाटभर तिचा एकच प्रश्न — “ती चित्रातली मानसं आपल्याकडं बघत्यात का गं?” मला काय ठाऊक! मी सगळं माहीत असल्यासारखी मान हलवली.

थेटरात दिवे गेले आणि कथा सुरू झाली. भाषा कुणालाच कळेना, तेव्हा गुरुजी उभे राहून मोठ्याने सांगू लागले. राजाची पहिली राणी वारते, दुसरी येते, तिला सावत्र मुलगी डोळ्यांसमोर नको असते. ती मुलीला मायेने जवळ बोलावते, रुप्याच्या पेल्यात दूध देते. मुलगी दूध पिते आणि तिचं हरीण होतं. मागून कुणीतरी ओरडलं, “गुर्जी, बसा की खाली, रानी दिसना झालीय!” सगळे हसले. मी मात्र हसले नाही. ती राणी पेला पुढे करताना ज्या गोड आवाजात गात होती, तो आवाज मला ओळखीचा वाटला… मावशीचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मी गुडघा हळूच बाजूला घेतला. तिने हात पदराखाली नेला आणि पुढे पाहत राहिली.

पुढे हरणाची पुन्हा राजकन्या झाली, राणी विहिरीत पडली, थेटरात शिट्ट्या झाल्या. परतीच्या वाटेवर, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या पुणे रस्त्यावरून गाडी रखडत चालली होती आणि आत सिनेमावर चर्चा रंगली होती. शेजारच्या पारूआजी म्हणाल्या, “मानसं खोटी हुती, पर गानी लई खरी हुती बाई.” गाडी हाकणारा आमचा रामभाऊ थेटराबाहेरच थांबला होता, तरी त्याचंही मत होतंच. “हरनाला गाता येतंय म्हंता, मंग बैलाला चारा तरी मागता यावा!” गुरुजी समजावत होते की यातलं प्रत्येक चित्र माणसाने हाताने काढलेलं आहे. ते मात्र कुणाला पटलं नाही. एवढी चित्रं काढत बसायला माणूस रिकामटेकडा आहे का, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

आणि मग सरूकाकू, माझी चुलती, पदराने वारा घेत बोलून गेली, “सावत्र ती सावत्रच. दुसरीच्या पोरीचं बरं कुनाला बघवतंय?”

काकूच्या लगेच लक्षात आलं, ती खाली वाकून चप्पल शोधू लागली. गुरुजींनी उगाच घसा खाकरला. मला मावशीकडे बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. ती रागावली नव्हती. कपाळाला आठी घालून ती खरोखर विचार करत होती, दिवसभर तोच विचार डोक्यात घोळत असावा तशी.

“त्या रानीच्या गळ्यात टाकच न्हवता,” ती म्हणाली. “एवढं हार घातलं हुतं, मोती, सोनं… म्या नीट बघितलं. पयलीचा टाक काय दिसला न्हाई. पयलीला पुजलं न्हाई, तिला इचारलं न्हाई, मंग तिची लेक हिला आपली कशी वाटंल?”

आमच्याकडे रीत आहे. दुसरेपणावर आलेली बाई आधीच्या सवतीची चांदीची छोटी प्रतिमा, टाक म्हणतात तिला, गळ्यात घालते. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, सणाचा घास आधी तिला दाखवायचा, मग आपण. मावशीच्या काळ्या पोतीत माझी आई अशी नखाएवढी होऊन राहिली होती. गुरुजी म्हणाले, “अहो वहिनी, त्या देशात ही पद्धत नसते.” मावशी म्हणाली, “म्हनून तर तसं झालं.” पारूआजींनी “व्हय, खरं हाय” म्हणून मान डोलावली. काकूने मुकाट्याने स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकरी मावशीच्या हातावर ठेवली. गाडीतल्या सगळ्यांना सिनेमा तिथे कळला.

मला कळला नाही. मी आठ वर्षांची होते आणि माझ्या डोळ्यांसमोरून तो पेला हलत नव्हता.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आमची गाय त्या वर्षी आटली होती. मावशी रोज पारूआजींचं दळण दळून द्यायची आणि त्या बदल्यात त्यांच्या शेळीचं पेलाभर दूध आणायची. ते फक्त माझ्यासाठी. त्या दिवशीही प्रवासाने आंबलेलं अंग घेऊन ती आधी जात्यावर बसून आली, चूल पेटवली, दूध तापवलं आणि पितळी पेला माझ्यापुढे धरला. “घे, दमलीस.”

मी हात मागे घेतले. “नको” म्हणाले. भूक नाही म्हणाले. पण माझे डोळे पेल्यातल्या दुधावर खिळले होते आणि पोरीचे डोळे काय बोलतात ते न कळण्याइतकी मावशी भोळी नव्हती. वाटलं, आता रडेल, किंवा एक धपाटा घालेल. तिने तसं काही केलं नाही. पेला तोंडाला लावून तिने एक घोट घेतला, मला दिसेल असा गिळला, ओठ पदराने पुसले आणि पेला पुन्हा माझ्यापुढे धरला.

“बघ,” ती म्हणाली, “म्या हुती तशीच हाय.”

मी दूध प्याले. ती चुलीकडे वळून भाकरीचं पीठ मळू लागली आणि तो विषय आमच्यात पुन्हा कधीही निघाला नाही. पुढे मी तिला आई म्हणू लागले, माझ्या बाळंतपणांत तिने रात्री जागवल्या, म्हातारपणी ती माझ्याच घरी राहिली, माझ्याच हातचं पाणी पिऊन गेली. तिला मी खूप काही दिलं असं लोक म्हणतात. पण मनातून मला ठाऊक आहे — त्या दिवशी मी दूध प्याले, ते तिने आधी घोट घेतल्यावर. तिची क्षमा मागायला मला चाळीस वर्षं मिळाली होती आणि मी ती मागितली नाही.