वाटणीतलं मत

गणपतराव चौगले वारले, त्याच वर्षी त्यांच्या दोन्ही मुलांनी वाटणी करून घेतली. पुढं तंटा नको म्हणून गावातली चार माणसं बसवली आणि सगळं निम्मंनिम्मं केलं. रान निम्मं, जनावरं निम्मी, पितळी डबा एकाकडं तर त्याचं झाकण दुसऱ्याकडं. विहीर काही कापता येत नाही, म्हणून पाण्याची पाळी ठरली. आठवडाभर थोरल्या बाळासोनं उसाला पाणी पाजायचं, पुढचा आठवडा धाकट्या आकारामनं. आईही कापता येत नाही, म्हणून तिचीही पाळी ठरली. एक महिना थोरल्याकडं जेवण, एक महिना धाकट्याकडं. मग पंच उठले, चहाचे कप गोळा व्हायला लागले, आणि कुणाच्या तरी ध्यानात आलं की आक्काचं, म्हणजे आईचं, मत वाटायचं राहिलंच.

हसायची गोष्ट नाही. बाळासो विजयसिंहदादांच्या गटात आणि आकाराम अमरसिंहआबांच्या. एका घरातले दोन भाऊ दोन गटांत असणं याला आपल्याकडं भांडण म्हणत नाहीत, शहाणपण म्हणतात. कुणीही निवडून आला तरी उसाची तोड वेळेवर येते. पण मतं मोजायला बसलं की आईचं एक मत मधेच लोंबकळायचं. तेव्हा असं ठरलं की एका निवडणुकीला ते थोरल्याचं, पुढच्या निवडणुकीला धाकट्याचं. आक्का त्या वेळी कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिला कुणी विचारलं नाही. विहिरीला तरी कुणी विचारलं होतं?

आक्का आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. कागलहून आत वळल्यावर लागणाऱ्या त्या गावात तिला नावानं हाक मारणारं माणूस उरलेलं नाही. सत्तरीचे म्हातारेसुद्धा तिला आक्काच म्हणतात. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तरी तिनं म्हशीची धार काढायचं सोडलं नव्हतं. मला म्हैस दिसत नसली तरी म्हशीला मी दिसतो की नाही, मग झालं, असा तिचा हिशेब.

या निवडणुकीत मात्र आक्काचा भाव एकदम वधारला. महाराष्ट्र झाल्यानंतर आमदारकीची जी पहिली निवडणूक झाली, बासष्ट सालची, तीत मत दिलेलं गावात आता एकच माणूस जिवंत आहे हे दोन्ही गटांना एकाच आठवड्यात समजलं. मग काय! सोमवारी आबांनी शाल घातली, बुधवारी दादांनी. आबांच्या कार्यक्रमात निवेदकानं तिच्या तोंडापुढं माईक धरला आणि विचारलं, ‘‘आक्का, राज्याच्या पहिल्या निवडणुकीत मत देताना तुमच्या मनात काय विचार हुते?’’

आक्कानं खरं ते सांगितलं. मुंबई आपल्याला मिळाली म्हणून तिच्या सासऱ्यांनी गावात गूळ वाटला होता. मुंबई काही तिनं पाहिली नव्हती, पण गूळ घरचाच होता, त्यामुळं नवं राज्य गोड आहे याबद्दल तिला शंका नव्हती. मतदानाच्या सकाळी सासऱ्यांनी घरातल्या सगळ्या बायका भिंतीपुढं उभ्या केल्या आणि कोळशानं एक चित्र काढून दाखवलं. ‘‘हे असलं दिसंल तितं शिक्का हाणायचा. दुसरीकडं बघायचं बी न्हाई.’’ सासऱ्यांचा हात औताला बसलेला. चित्र झाड म्हणावं तर कोंबडा वाटे, कोंबडा म्हणावा तर मुळं फुटलेली. आक्कानं अंदाजानं शिक्का हाणला आणि बैलगाडीतून घरी आली. दारातच सासूनं तिचं बोट पाहिलं आणि ती दोन पावलं मागं सरली. ‘‘शी! हे काय काळं फासून आलीस? त्या हातानं पिठाला शिवायचं न्हाई.’’ त्या दिवशी आक्काला भाकरी थापाव्या लागल्या नाहीत. लोकशाहीचा तिला झालेला पहिला फायदा तो हाच. आणि दुसरा काही तिला आठवत नव्हता.

सासऱ्यांनंतर नवऱ्यानं चित्र सांगितलं, नवऱ्यानंतर मुलांनी. डोळे गेल्यावर तर सांगायचंही काम उरलं नाही. म्हातारीला दिसत नाही म्हणून सोबती आत जायचा आणि तोच बटण दाबायचा. बोट दरवेळी आक्काचं काळं झालं. मत दरवेळी घरातल्या कुठल्या ना कुठल्या गड्याचं.

एवढं सगळं तिनं माईकमध्ये सांगितलं. टाळ्या पडल्या. निवेदक म्हणाला, ‘‘ही बघा लोकशाहीवरची निष्ठा!’’

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट घडली होती, ती सांगायला हवी. मोतीबिंदू काढायचं दोन्ही मुलं पुढं ढकलत होती. ‘‘निवडणूक हुंदे, मग बघू.’’ पोरं कामात आहेत असं आक्काला वाटे. बाळासोची सून स्वप्नाली नुकतीच पेठ वडगावहून लग्न होऊन आलेली, तिला या घराच्या पाळ्या अजून पाठ झाल्या नव्हत्या. तिनं एके दिवशी कुणाला न विचारता आक्काला राजारामपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं आणि मोतीबिंदू काढून आणला. काळा चष्मा लावून आक्का उंबऱ्यात आली तेव्हा आकारामनं धावत येऊन विचारलं, ‘‘आक्का, दिसालंय व्हय गं?’’

त्या आवाजात आनंद नव्हता, धास्ती होती. आंधळ्या माणसाला आवाज चांगले दिसतात. आक्का म्हणाली, ‘‘कुठलं! आंधुक आंधुक.’’

आकारामचा जीव भांड्यात पडला. स्वप्नालीनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. नंतर ती म्हणाली, ‘‘आक्का, खोटं का सांगितलासा?’’

‘‘जरा बघू दे की गं. इतकी वर्सं मी त्यास्नी दिसलो न्हाई. आता त्यास्नी वाटू दे, मला दिसत न्हाई.’’

आणि आक्कानं बघायला सुरुवात केली. न बघती तर बरं झालं असतं.

पहिला दिसला तो चौकातला फलक. दादांच्या शेजारी एक गोरीपान म्हातारी हात जोडून उभी. ‘‘ही कोण भवानी?’’ ‘‘तुम्हीच की आक्का.’’ पाच पावलांवर तीच भवानी आबांच्या शेजारी. तिथं तिला कुणीतरी कपाळभर मोठं कुंकूही लावलं होतं. गणपतराव जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मग दिसली शाल. अंगावर घेतली की उबेऐवजी खाज सुटायची हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आता तिच्यातून पलीकडचा गोठा दिसतो हेही कळलं. मग दिसली देवळापुढच्या मांडवातली जेवणावळ. आबांच्या पंगतीत बसलेली तोंडं दुसऱ्या रात्री दादांच्या पंगतीत. तांबड्या रश्श्याला नावं ठेवायची ती पांढरा रस्सा ओरपत ओरपत. घरात मटणाचा डबा आला तो बाळासोकडूनही आणि आकारामकडूनही. रश्श्यावर तेलाचा बोटभर तवंग. आक्कानं ताट पुढं सारलं.

पण सगळ्यात शिसारी आली ती नमस्काराची. दादा पाया पडले की चांगला वेळ डोकं पायावर ठेवतात, हे तिला फार आवडायचं. आताची पोरं अशी कुठं वाकतात! परवा ते पुन्हा आले, वाकले, आणि काळ्या चष्म्याआडून आक्कानं खाली पाहिलं. दादांचं कपाळ तिच्या पायावर होतं खरं, पण मान वळलेली आणि डोळे मोबाईल धरलेल्या पोराकडं. ‘‘आलं का?’’ ‘‘दादा, आक्काचं तोंड कट झालंय. परत एकदा.’’ दादा पुन्हा वाकले. उठल्यावर त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं, आणि जाताना तो रुमाल ड्रायव्हरकडं टाकला. आक्का आत गेली आणि तिनं मोरीत बसून दोन्ही पाय दगडानं घासले.

एवढं बघूनही ती गप्पच राहिली असती. बाहेरच्यांचं बाहेर. पण मतदानाच्या आदल्या दिवशी ती कट्ट्यावर बसलेली असताना तिचे दोन्ही लेक समोर येऊन बसले, आणि तिच्यासमोरच सुरू झाले.

‘‘मागल्या खेपंला तू दाबलंस,’’ आकाराम म्हणाला. ‘‘आता पाळी माझी.’’

‘‘आणि मधी लोकसभंला कोण गेल्ता? मी?’’

‘‘लोकसभा वायली. आमदारकीचं आमदारकीत धरायचं.’’

‘‘आसं वाटणीत कवा ठरलंतं?’’

‘‘आरं, मी हितंच बसलोय,’’ आक्का म्हणाली.

‘‘बस की आक्का. तुला कोण काय म्हणालंय?’’ बाळासो म्हणाला आणि पुन्हा भावाकडं वळला. ‘‘हे बघ, दादास्नी मी शब्द दिलाय. आईचं मत आमचं म्हणून फलक लागलाय चौकात.’’

‘‘फलक आमचाबी लागलाय.’’

मग आकाराम खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘मी एक करतो. म्होरल्या माझ्या दोन पाळ्या तू घे पाण्याच्या. मत मला सोड.’’

बाळासोनं उसाकडं बघितलं. ऊस वाळत होता. ‘‘बरं,’’ तो म्हणाला.

दोघांनी हातावर हात मारला. आक्कानं ते पाहिलं. तिला दोघांची तोंडंही दिसली, कितीतरी वर्षांनी, नीट. पोरं म्हातारी झाली होती. बाळासोचे पुढचे दात पडले होते, आकारामच्या भुवया पांढऱ्या. माया यावी अशी तोंडं. आणि तिनं तोंड फिरवलं. सासऱ्यानं निदान भिंत काळी करून चित्र तरी काढलं होतं. यांनी तिला पाण्याच्या दोन पाळ्यांवर विकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामनं तिला दंडाला धरून शाळेतल्या केंद्रावर नेलं. रांग मोडून थेट आत. आत मास्तरांच्या टेबलाशेजारी दोन्ही गटांची माणसं कागद घेऊन बसलेली. दादांच्या बाजूनं बाळासो स्वतःच.

‘‘साहेब, आई आंधळी हाय,’’ आकाराम म्हणाला. ‘‘मी सोबती.’’

केंद्रावरचे साहेब बाहेरगावचे मास्तर होते, रात्रभर शाळेच्या बाकावर झोपून आलेले. त्यांनी समोरच्यांना विचारलं, ‘‘कुणाची हरकत?’’

आक्काचा जीव कानात गोळा झाला. काल हातावर हात मारला असला, तरी चारचौघांत दादांचा माणूस आबांच्या माणसाला मत कसं सोडेल? आणि आपलंच पोर, म्हणेल तरी की, आईला दिसतं का बघा जरा.

‘‘न्हाई साहेब,’’ बाळासो म्हणाला. ‘‘ठार आंधळी हाय. माझीच आई हाय, मला म्हाईत न्हाई व्हय?’’

साहेबांनी मान हलवून कागद पुढं ओढला.

‘‘थांबा, साहेब,’’ आक्का म्हणाली.

तिनं काळा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि कंबरेला खोचला. ‘‘तुमच्या शर्टाचं बटान चुकलंय. दुसरं तिसऱ्या काजात घातलंय, त्येनं कॉलर वाकडी झालीया. आणि हनुवटीला दाढीचा साबण हाय.’’

साहेबांचा हात आधी कॉलरकडं गेला, मग हनुवटीकडं. रांगेतल्या बायका फिसकन हसल्या.

‘‘आजी, तुम्हाला दिसतंय की!’’

‘‘दिसतंय. लई दिसतंय. दिसू नये ते बी दिसतंय.’’ ती बाळासोकडं वळली. ‘‘मी ठार आंधळी व्हय रं?’’

बाळासो यादीत नाव शोधायला लागला. तिथं काहीही शोधायचं नव्हतं. आकाराम म्हणाला, ‘‘आक्का, आगं लई बटणं असत्यात, गोंधळशील. मी नुसता हुबा ऱ्हातो...’’

‘‘तू भाईर जा,’’ आक्का म्हणाली.

साहेबही म्हणाले, ‘‘बाहेर व्हा, पावणं.’’

पुठ्ठ्याच्या आडोशामागं आक्का पहिल्यांदाच एकटी उभी राहिली. समोर फोटो, चित्रं आणि बटणं. दादांचा फोटो लग्नाच्या वेळचा असावा. आबा मिशीखाली हसत होते, परवा माईकजवळ हसले तसंच, दिवा लागावा आणि विझावा तसं. त्यांच्याखाली आणखी दहाबारा तोंडं. त्यातले दोन तिला जेवणावळीत वाढताना दिसले होते, एक जण म्हशीचं औषध पाणी घालून विकायचा. प्रत्येक तोंडापाशी थांबत आक्का वरून खाली आली, पुन्हा खालून वर गेली. एकही असं नव्हतं की ज्याला उंबऱ्याच्या आत घ्यावं.

‘‘आजी, झालं का?’’

‘‘थांब की रं बाबा. तुला काय, रोजचंच हाय म्हणून घाई. मला सवय न्हाई.’’

मग यंत्र लांबलचक वाजलं. शेजारच्या काचेत चिठ्ठी आली, थांबली, पडली. ती पडून गेल्यावरही आक्का काचेकडं बघत राहिली.

बाहेर दोन्ही लेक उभे होते. बाळासो जागा सोडून आला होता. त्यांच्यात आधीच जुंपली होती. मत गेलं, तेव्हा पाण्याच्या पाळ्या परत दे, असं आकारामचं म्हणणं, आणि मी हरकत घेतली नाही, माझं काम मी केलं, असं बाळासोचं. आक्का दिसताच दोघं एक झाले.

‘‘कुणाला दिलंस?’’

‘‘आक्का, तिकडं आकडा कळवायचा हाय. नुसती मान हालीव. दादास्नी?’’

‘‘आबास्नी?’’

आक्का बाजूला थुंकली. ‘‘कळवा जावा, म्हातारी मेली म्हणून,’’ ती म्हणाली आणि चालू लागली. मागून दोन जीपगाड्यांनी हॉर्न वाजवले, एक या गटाची, एक त्या. तिनं वळून पाहिलं नाही. उसाच्या कडेकडेनं स्वप्नाली तिच्या मागं पळत आली.

‘‘आक्का, मला तर सांगा. घरात कुणाला सांगत न्हाई.’’

‘‘तू बाजारात गेलीस,’’ आक्का म्हणाली, ‘‘आणि समदी वांगी किडकी निघाली, तर काय करतीस?’’

‘‘काय करणार? त्यातल्या त्यात बरं बघून घेतो.’’

‘‘तसंच.’’

‘‘मग एवढं सगळं कशाला केलासा? किडकंच घ्यायचं तर आकारामतात्यांनी घेतलं असतं.’’

आक्का थांबली. दम लागला होता. चालायचं तर अजून बरंच होतं.

‘‘आगं, त्यो न बघता पिशवीत टाकतोय,’’ ती म्हणाली. ‘‘मी एकेक उलटंपालटं करून बघितलं. लई घाण वाटली बघ. हात धुवावा असं वाटालंय अजून. पण बघितलं मी.’’