भरदुपारचा परवचा

आमच्या घरात उंबऱ्यावर उभं राहून 'जातो' कुणी म्हणत नाही. जाणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं, आतून मी 'ये' म्हणायचं, मगच पाऊल बाहेर टाकायचं. अशा घरात सून भरदुपारी दार लोटून भलतंच काही पुटपुटायला लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"वोय, वास, वा..." संपलं की पुन्हा पहिल्यापासून. जन्मभर पुसेगावच्या शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेतलेली बाई मी. पाठांतर आहे एवढं कळलं, पण कशाचं? गहू निवडायच्या निमित्तानं सूप घेऊन तिच्या दाराशीच बसले. शेवटी राहवेना.

"काय घोकून राहिली गं?"

"स्पॅनिश, आई. जाणे या क्रियापदाची रूपं. मी जाते, तू जातेस, ती जाते."

"जाणंच काहून? खाणंपिणं न्हाई का त्या लोकांत?"

ती हसली, पण नजर चोरून. मग सांगत बसली, की हे एक क्रियापद लॅटिनमधल्या तीन क्रियापदांचे तुकडे जोडून झालंय. 'जाते' एकातून आलं, 'जायची' दुसऱ्यातून. आणि 'गेला' तर थेट 'असणे'मधून. तिकडं 'तो होता' आणि 'तो गेला' दोन्हीला एकच शब्द, फुए. पोर्तुगीजांचंही जवळपास तसंच म्हणे. मेली कसली भाषा ही!

मला पक्कं वाटलं, ही माझ्या लेकाला टाकून निघाली. कपाटावरच्या बॅगा जागेवर आहेत का, तेही बघून आले. संध्याकाळी लेकाच्या कानावर घातलं, "बायकोवर ध्यान ठेव. लक्षण बराबर न्हाई तिचं."

"तुझं आपलं काहीतरीच, आई," ताटातून मान वर न करता तो म्हणाला.

दुसऱ्या दुपारी मी सरळ दारच ढकललं. "खरं सांग, कुठं निघाली तू?"

पोरीला रडूच फुटलं. "मला न्हाई जायचं, आई! यांनाच स्पेनात नोकरी लागली. म्हणाले, भाषा शिकून घे, आईला एवढ्यात सांगू नको."

ज्याला राखणीला बसवलं, तोच निघालेला! राग यावा तर रडूच आलं. दोघी तिथंच बसून राहिलो.

आज सकाळी त्यानं बूट घातले, डबा उचलला. दारातून रोजच्यासारखाच आवाज आला, "येतो, आई."

मी 'ये' म्हटलंच नाही.

तो उंबऱ्यावर थांबून राहिला.