आतडं कुणाच्या घरचं?

"यांना बाहेर बसून जेवायला सांगा," शेजारच्या खाटेजवळच्या काकू नर्सला म्हणाल्या. माझी माय तिथंच बसली होती, हातभर अंतरावर. पण सांगितलं नर्सला.

धंतोलीतल्या दवाखान्यात दोन खाटांची खोली. एका खाटेवर मी. पारशिवनीहून शहरात आणेपर्यंत माझ्या आतड्याला पीळ पडून ते सडलं होतं. जवळजवळ सगळंच काढावं लागलं. दुसऱ्या खाटेवर काकूंचे यजमान, शहरातल्याच बेसा भागात राहणारे निवृत्त प्राध्यापक. रक्त गोठून त्यांचंही आतडं गेलेलं. दोघांचंही तोंडानं खाणं बंद. छातीजवळच्या नळीतून अन्न थेट रक्तात जायचं. पिशवी सारखी, नर्स एकच. पण आल्या आल्या आडनाव विचारून झालं होतं, आणि तेव्हापासून काकूंना आमचा वास येऊ लागला.

मायच्या डब्यात भाकर आणि वांग्याची भाजी होती. काकूंना त्यात मटणाचा वास आला. नाक असावं तर असं. माय डबा झाकून उठली आणि रोज जिन्यावर जेवू लागली. मी चिडलो की म्हणायची, "काहून भांडून राहिला गा? तुले जगायचं हाय ना?" तिला वाटायचं, आपण तोंड उघडलं तर आपल्याला नवं आतडं मिळणार नाही.

एक दिवस सर्जन आले. दोघांनाही समजावलं. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी दिलं आणि रक्तगट जुळला, तर आतडं बसवता येतं.

प्राध्यापक सरांनी चष्मा नीट केला. "दाता कोणत्या घरचा, हे कळेल का? आमच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही."

ते कुणालाच सांगत नाहीत, सर्जन म्हणाले.

सर विचारात पडले. मग म्हणाले, "नीट धुऊन तर घेतात ना?"

मी हसलो. टाके ओढले गेले तरी हसत राहिलो. जन्मभर पोरांना शिकवलं आणि मरणाच्या दारात ही शंका. बरं, नको म्हणायची हिंमत होती का? छे. घेणार तर होतेच, फक्त नाक मुरडून. अशा माणसांच्या नाकासाठी माझी माय जिन्यावर जेवत होती. मला किळस आली.

दुपारी माय डबा घेऊन उठली. मी तिचा पदर धरला. "इथंच बस वं माय. इथंच जेव."

काकूंनी नर्सला बोलावलं, नर्सनं मोठ्या डॉक्टरांना. वातावरण बिघडवू नका, नाहीतर तुम्हाला दुसरीकडे हलवू, असं ते मलाच म्हणाले.

"ज्यायले वास येते, त्यायले हलवा," मी म्हणालो.

मायनं डब्याचं झाकण काढलं. तिनं भाकर मोडली.

आतडं मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळालं तर ते कुणाच्या घरचं, हे मी विचारणार नाही. नाहीच मिळालं तर माझे डोळे द्यायचे, हे मायला सांगून ठेवलंय. सरांच्या घरात कुणाला बसले तरी बसू देत. पण माझी माय पुन्हा जिन्यावर जेवणार नाही. मी असेपर्यंत नाही, आणि मी गेल्यावरही नाही.