जावयाच्या मोबाईलवर गेलेली नोटीस आणि आपले दिनकरराव

सोनई-घोडेगावच्या व्यापारी बंधुभगिनींनो, आपली सर्वांची एक तक्रार आहे. कर ऑनलाइन झाला आणि आपले गाऱ्हाणे ऐकणारा माणूसच समोरून नाहीसा झाला. हीच तक्रार मी सोनईच्या सभेत गरजून मांडली. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर करसल्लागार दिनकरराव जवळ आले आणि म्हणाले, “बोललात झकास. पण समोर साहेब होता, तेव्हा तरी तो कुठं ऐकत होता? दाराबाहेरचा बाक विसरलात?” माझ्या भाषणाची हवा काढूनच त्यांनी माझ्याशी ओळख केली!

यंत्राला वशिला कळत नाही, म्हणून लहान दुकानदाराने त्याला भिऊ नये, असे ते ठासून सांगतात. यंत्र चुकले, तर त्याच ठामपणे भांडतातही.

घोडेगावच्या बापूंचे पाइपचे दुकान आहे. एके दिवशी त्यांची जीएसटी नोंदणीच रद्द झाली. दुकान बंद पडायची वेळ आली. बापू दिनकररावांकडे धावले. “काका, साधा कागुद बी न्हाई आला. कॉम्प्युटरनं गळाच दाबला!”

दिनकररावांनी पोर्टल उघडले. विवरणपत्रे न भरल्याच्या नोटिसा वेळेवर गेल्या होत्या. नोंदवलेला मोबाईल मात्र बापूंच्या जावयांचा होता.

“जावई लई शिकल्यालं, म्हून त्यांचा नंबर दिला. पन पावन्याला घडीघडी ओटीपी कसा मागायचा?”

जावयांना फोन लावला, तर तेही अवघडलेले. “मामांना नोटिशीचं कसं विचारणार? बरं दिसलं नसतं.”

दिनकरराव खो-खो हसले. “बापू, मानपान लग्नात ठेवा. कराच्या कामात त्यानं दुकान बुडेल.”

मग त्यांनी राहिलेली विवरणपत्रे भरून घेतली, नोंदणी परत मिळावी म्हणून अर्ज केला, अधिकाऱ्यांच्या प्रत्येक शंकेला उत्तर दिले. नोंदणी परत मिळाली. त्यानंतर बापूंना शेजारी बसवून त्यांच्याच हाताने त्यांचा नंबर पोर्टलवर चढवला. आज बापू बाजारात चारचौघांना ऐकवतात, “आपला ओटीपी आपल्यालाच येतो!”

माणसाला आपल्यावर अवलंबून ठेवून धंदा वाढवणारे पुष्कळ पाहिले. माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणारा सल्लागार मी हा एकच पाहिला. पंचाहत्तरीत पदार्पण करणाऱ्या दिनकररावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. निदान जेवताना तरी त्यांचा फोन शांत राहो!

त्यांच्या पंचाहत्तरीच्या सत्काराला शाल-नारळ आणू नका. तुमच्या नोंदणीत दुसऱ्याचा नंबर असेल, तर आजच बदला आणि तिथे स्वतःचा घाला.