हरिश्चंद्राची बाग आणि हफीजाबीचे दोन माड

हफीजाबी आली होती नवऱ्याचं पत्र वाचून घ्यायला. नवरा वजीर हा बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या; त्याचं पत्र चार महिन्यांनी यायचं आणि ते वाचून दाखवायचे शेजारचे निवृत्त शिरस्तेदार भाऊराव. ती नेहमीसारखी ओटीच्या पायरीशी उभी राहिली, सहज मागे वळली, आणि पत्र हातातून गळून पडलं.

"या अल्ला! माझे माड तुमच्या बागेत कसे गेले?"

भाऊरावांचा झोपाळा थांबला. खाली अबोलीच्या वाफ्यात तण काढत बसलेला हरिश्चंद्र हसला. त्याला ती शाबासकी वाटली. वेडा!

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या दिवाळीनंतरची. रत्नागिरीत भाऊरावांच्या अंगणापुढे जेमतेम दोन गुंठे जागा होती. तिच्या टोकाला हद्दीवरची चिऱ्यांची रचीव भिंत म्हणजे गडगा, गडग्यापलीकडे हफीजाबीचं माडांचं आगर, त्यापलीकडे खाडी. ओटीवर बसलं की नजर सरळ त्या काळ्याठिक्कर गडग्यावर जाऊन आपटायची. "डबीत बसल्यासारखं वाटतं," भाऊराव म्हणायचे. म्हणून त्यांनी हरिश्चंद्राला बोलावलं. तो एका साहेबाच्या बंगल्यावर सात वर्षं माळीकाम करून आलेला, खालच्या वाडीतला. खालच्या वाडीतला म्हणजे ज्याची सावली ओटीवर पडलेली चालत नसे त्यांतला. त्याने फावडं चालवावं, शेणखत कालवावं, रोपं लावावीत. विहिरीला मात्र हात लावायचा नाही. रहाटावरचा गडी पाणी सोडणार, हरीने ते पाटातून फिरवायचं. आणि पायरी चढायची नाही.

आता बोला! बाग दिसायची ओटीवरून, आणि ती करणाऱ्याने ओटी चढायची नाही. दुसरा कुणी असता तर चार कर्दळी रांगेत खोचून मोकळा झाला असता. हरिश्चंद्राने काथ्याची लांब सुतळी आणली आणि भाऊरावांच्या बायकोला, यमुनाबाईंना, हाक मारली.

"बाईसाहेब, झोपाळ्यावर बसल्यावर भाऊसायबांचा डोळा जिथं येतो ना, तिथं खांबाला हिचं टोक बांधा."

यमुनाबाईंनी बांधलं. सुतळीतून विटाळ चढतो की नाही यावर भाऊरावांना पोथीत काही सापडलं नसावं, ते गप्प बसले. हरीने दुसरं टोक गडग्याच्या माथ्यावर नेऊन ताणलं. डोळ्याची रेघ मिळाली. त्या रेघेला ज्याचा शेंडा लागेल ते झाड गडगा झाकणार, आणि वरून हफीजाबीचे माड मोकळे दिसणार. आठ महिने तो त्या सुतळीखाली वाकून, रांगून, पालथा पडून काम करत होता. वाट सरळ नेली नाही, अनंताच्या झुडपाआड वळवली, म्हणजे पुढे आणखी काही आहे असं वाटावं. ओटीजवळ ती चार हात रुंद, टोकाला जेमतेम दीड हात. जवळ मोठ्या पानांच्या लालभडक कर्दळी, लांब बारीक पानांची फिकी झाडं आणि गडग्यावर निळी गोकर्ण. "लांबचे डोंगर कसे निळे दिसतात, बाईसाहेब? तसंच," तो म्हणायचा. पावसात ढासळलेला गडगाही त्याने, दरसालच्या रिवाजाप्रमाणे, चिरा चिरा उचलून पुन्हा रचला.

आणि नेमकं तेच त्याच्या अंगाशी आलं.

"गडगा तूच रचलास ना रे यंदा?" हफीजाबीने पदर खोचला. "माडापासून किती लांब होता तो! आता बघ, माझे दोन माड ह्यांच्या वाटेवर उभे हायत. चालत आले काय ते?"

"बीबी, मी चिरे उचलले ते जागच्या जागी ठेवले. सरकवला नाय."

"नाव हरिश्चंद्र! आणि रातोरात दोन हात जमीन खाल्लीस! घरात पुरुष माणूस नाय म्हणून?"

कोकणात माणसाचा खून पचेल, पण गडगा सरकवल्याचा डाग सात पिढ्या जात नाही. हरिश्चंद्राने वर पाहिलं. भाऊराव बघत होते ना आठ महिने! त्यांनी एक शब्द बोलायचा होता: नाही, हफीजाबी, गडगा जागेवरच आहे.

भाऊराव डबीतून तपकीर काढत होते. "मोजणी होऊ दे," एवढंच म्हणाले, आणि झोपाळ्याला पायाने रेटा दिला.

त्याचा झोक जाता येताना हरिश्चंद्र बघत राहिला.

घरी त्याच्या बायकोने, सगुणाने, ऐकलं आणि पेजेचं भांडं बाजूला सारलं. "मोजणीत बोटभर जरी निघाली, तर वाडीतल्या एकालाही कुणी कुंपणाजवळ उभं करणार नाय. आणि तुम्हाला नेतील ते वेगळंच."

"अगं, पण मी सरकवलाच नाय!"

"मना नका सांगू. तुमच्या भाऊसायबाला सांगता आलं नाय काय?"

मोजणीदार येईपर्यंत पंधरा दिवस तो रोज बागेत जाऊन सुतळी ताणायचा, पावलं मोजायचा. शेवटी शेवटी स्वतःचाच भरवसा उडाला. चिरे रचताना हात चुकला तर नसेल? माड खरंच जवळ दिसतात! आपण केलेल्या फसवणुकीत आपणच फसायची पाळी आली.

मोजणीदार आला, ओटीवर बसून त्याने चहा घेतला आणि बागेकडे बघून भुवया चढवल्या. "दोन गुंठे? छे छे. तीन तरी असणार." हफीजाबी म्हणाली, "बघा! सायबाच्या तोंडून आलं." हरिश्चंद्र गडग्याला हात टेकून उभा राहिला.

साखळी पसरली. शिपायांनी गोकर्ण बाजूला सारली, खुणेचे दगड उकरले. एकदा मोजलं. मोजणीदाराने नकाशा उलटा करून पाहिला. पुन्हा मोजलं.

"दोन गुंठे. नकाशात आहे तेवढीच," तो म्हणाला. "एक बोट इकडे नाही की तिकडे."

हफीजाबी धावत आपल्या आगरात गेली, माडाला हात लावून आली, ओटीच्या पायरीशी उभी राहून पुन्हा बघितलं. "मग माझे डोळे फुटले काय?" आणि मग हरीकडे वळून, मान खाली घालून, "तोंड सुटलं माझं. माफ कर हो, हरीभाऊ."

"माड तुमचेच हायत, बीबी. मी ते नुसते दिसू दिले."

ती गेली. मोजणीदार गेला. हरिश्चंद्र वाट बघत होता की आता तरी भाऊराव काही बोलतील. भाऊराव बोलले. त्यांचं तोंड उतरलेलं होतं.

"म्हणजे... तू सरकवला नव्हतासच?"

"काय?"

"मला वाटलं, केलंस माझ्यासाठी. म्हणून तर बोललो नाही तेव्हा. म्हटलं, खाल्ल्या मिठाला जागला गडी." त्यांनी बागेकडे नजर टाकली. "आणि ही आहे तेवढीच?"

हफीजाबीने हरिश्चंद्राला चोर म्हटलं ते रागाच्या भरात. हा माणूस त्याला पंधरा दिवस चोरच समजत होता, आणि खूश होता! चोर नाही हे कळल्यावर ह्याचा चेहरा पडला!

"बघू तरी," तो म्हणाला, "तुम्हाला काय दिसत होतं ते."

आणि तो पायरी चढला. एक, दोन, तीन. भाऊराव झोपाळ्यावरून अर्धवट उठले ते तसेच राहिले. दाराआड यमुनाबाईंची बांगडी वाजली. खांबावर सुतळीच्या गाठीचा वळ अजून होता. हरिश्चंद्राने गुडघे वाकवून त्या वळाशी डोळा आणला.

वाट अनंताआडून कुठल्या कुठे गेली होती. गडगा नव्हताच. लाल, मग हिरवं, मग निळं, मग माड, आणि माडांच्या पायाशी चकाकणारी खाडी, जणू तीही ह्याच घराची. आठ महिने ज्या जागेत तो गुडघ्यांवर सरपटला होता ती ही नव्हे.

"एवढी?" तो पुटपुटला. मग बोट दाखवून, "ती तिसरी कर्दळ दोन हात डावीकडे हवी होती. इथून कळतं."

तो खाली उतरला, फावडं खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. कर्दळ हलवायला थांबला नाही. संध्याकाळी ओटी शेणाने सारवून निघाली.

त्यानंतर बागेसाठी कुणीही बोलावलं की हरिश्चंद्राची एकच अट असे: आधी मी ओटीवर बसणार, मग फावडं उचलणार. तीन घरांनी त्याला हाकलून दिलं, त्यातल्या एकाने तर अंगावर कुत्रा सोडला. सगुणा कपाळाला हात लावायची. चौथ्या घरी मात्र ओट्यावर चटई आधीच अंथरलेली होती.

"बस, हरीभाऊ," हफीजाबी म्हणाली. "हवा तितका वेळ बस. पण माझ्या माडांना जागचं हलवू नको."